जात्यापाशी ऐकलेला इतिहास

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर ताम्रपट, शिलालेख, नाणी आणि मोडीतले कागद येतात. शाळेच्या पुस्तकांत साधनांचे लिखित, भौतिक आणि मौखिक असे तीन गट सांगितलेले असतात. पहिल्या दोन गटांविषयी शिक्षकांना पुष्कळ सांगता येते. तिसऱ्या गटात ओव्या, पोवाडे, लोकगीते, दंतकथा ही नावे येतात आणि धडा पुढे सरकतो. मुले नावे पाठ करतात. पण ओवी हे इतिहासाचे साधन कसे काय? कोणी तरी तोंडाने सांगितलेली गोष्ट पुरावा म्हणून कधी धरायची आणि कधी नाही? प्रयोगशाळेत मापन घेताना आपण जी काळजी घेतो, तशी काळजी इथे घेता येते का? या लेखात आपण हे प्रश्न पुण्यातून सुरू झालेल्या एका मोठ्या कामाच्या आधाराने सोडवून पाहू.

पुण्याची जुनी पायपीट

इतिहासासाठी गावोगाव फिरण्याची परंपरा पुण्याला नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी जुन्या घराण्यांची दप्तरे शोधत महाराष्ट्र पालथा घातला. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या देवघरात, कुणाच्या कोठारात पडलेले कागद त्यांनी मिळवले, वाचले आणि छापले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे तिचे २२ खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. अस्सल कागद हाती असल्याशिवाय विधान करायचे नाही, ही शिस्त मराठी इतिहासलेखनाला त्या पिढीने लावली.

ही शिस्त मोलाचीच आहे. मात्र तिला एक मर्यादा आहे. कागद त्याच घरात सापडतो, जिथे कोणी लिहीत होते आणि ज्याच्याविषयी लिहावे असे कोणाला तरी वाटत होते. पेशवे दफ्तराचे रुमाल सोडून बसलो, तर सारा, वतन, फौज, लढाई, खटला यांची माहिती हजारो कागदांतून मिळते. त्याच काळात पहाटे उठून घरच्या भाकरीचे पीठ दळणाऱ्या बाईला काय वाटत होते, हे त्यात मिळणार नाही. तिने लिहिले नाही, कारण तिला लिहिता येत नव्हते. ही फार जुनी गोष्ट नव्हे. १९५१ च्या जनगणनेत भारतातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण शंभरात ९ पेक्षाही कमी होते. म्हणजे आज ज्या पणजीचा फोटो भिंतीवर आहे, तिचा स्वतःच्या हातचा एकही ओळीचा कागद बहुतेक घरांत सापडणार नाही.

अशा माणसांचा इतिहास लिहायचा, तर ती हयात असताना त्यांच्याकडे जाऊन त्यांचे बोलणे टिपून घ्यावे लागते. यालाच मौखिक इतिहास म्हणतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९४८ साली अॅलन नेव्हिन्स या इतिहासकाराने या कामाला विद्यापीठीय रूप दिले. तेथे सुरुवातीला भर होता तो सार्वजनिक जीवनातील नामवंतांवर. आपल्याकडे मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी हेच साधन वेगळ्या दिशेला वळवले. आंबेडकरी चळवळीत काम केलेल्या स्त्रियांना शोधून त्यांनी त्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आले. परिषदा भरवणाऱ्या, सत्याग्रहात उतरलेल्या या स्त्रियांची कामगिरी चळवळीच्या छापील इतिहासात जेमतेम आली होती. ती त्यांच्या तोंडून ऐकली गेली म्हणून उरली.

वहीत उतरलेल्या एक लाख ओव्या

याच सुमारास पुण्यात आणखी एक काम आकार घेत होते. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटव्हाँ हे दोघे समाजशास्त्राचे अभ्यासक आणि कार्यकर्ते होते. गरीब डोंगरी संघटनेच्या कामामुळे पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी गावांत त्यांचे जाणे-येणे होते. मुळशी तालुक्याचे नाव आपल्याला सेनापती बापटांच्या १९२१ ते १९२४ या काळातल्या सत्याग्रहामुळे ठाऊक असते. पण त्या डोंगरातल्या बायका स्वतःविषयी काय म्हणतात, हे कोणी विचारले नव्हते. बैठकांत या बायका फारशा बोलत नसत. मात्र जात्यावरच्या ओव्यांचा विषय निघाला की त्यांच्याकडे सांगण्यासारखे खूप असे. आपल्या मनातले बोलण्याची त्यांची ठरलेली जागा तीच होती.

ओव्या जमवण्याचे काम त्यापूर्वीही झाले होते. साने गुरुजींनी १९४० च्या सुमारास ‘स्त्रीजीवन’ मध्ये ओव्यांचा मोठा संग्रह दिला. दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे पुष्कळ धन गोळा केले. राईरकर आणि पॉइटव्हाँ यांच्या कामाचा रोख थोडा निराळा होता. ओवीकडे वाङ्मय म्हणून पाहण्याबरोबरच ती एका विशिष्ट बाईची साक्ष आहे, असे ते मानत. त्यामुळे कोणत्या गावात, कोणी ही ओवी गायली, याची नोंद ओवीइतकीच महत्त्वाची ठरली. ओव्या उतरवून घेणाऱ्यांत गावांतलेच कार्यकर्ते आणि कार्यकर्त्या होत्या. ओवीचा अर्थ काय, ती तुम्ही कधी म्हणता, असे गाणारीलाच विचारले जाई.

दोन दशके हे काम चालले. मुळशीतून निघालेली वाट मराठवाड्यापर्यंत पोहोचली. शेवटी महाराष्ट्रातील १,१०७ आणि कर्नाटकातील ११ गावांतल्या ३,३०२ स्त्रियांच्या १ लाख १० हजारांहून अधिक ओव्या जमल्या. वर्गात हे आकडे फळ्यावर मांडून पाहावेत. सरासरी काढली, तर एका गावात जेमतेम तीन गाणाऱ्या भेटल्या आणि प्रत्येकीने सुमारे ३३ ओव्या सांगितल्या. म्हणजे हा एक लाखाचा आकडा एखाद्या असामान्य गायिकेच्या स्मरणशक्तीतून आलेला नाही. घरोघरी जाऊन, थोडेथोडे ऐकून तो झाला आहे. एसटी जिथे थांबते तिथून पुढे चालत जायचे, शेतातून बायका परत येईपर्यंत थांबायचे, मग ऐकायचे, असे हे काम असते.

१९९० च्या दशकात संगीत आणि संगणक या दोन्हींचे जाणकार असलेले फ्रेंच अभ्यासक बर्नार्ड बेल या कामात सामील झाले. त्यांच्या साहाय्याने सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले आणि ओव्यांचा संगणकीय संग्रह तयार झाला. पुन्हा थोडे गणित करू. १२० तास म्हणजे ७,२०० मिनिटे. एका ओवीला मिनिटभर धरले, तरी ७,२०० ओव्यांचाच आवाज त्यात मावेल. म्हणजे बहुसंख्य ओव्या फक्त कागदावर आहेत. त्यांचे शब्द वाचले, चाल मात्र आपल्यापर्यंत आलेली नाही.

जात्यावर बसले की ओवी सुचते

ही म्हण आपण प्रसंग पडला की युक्ती सुचते या अर्थाने वापरतो. मुलाखत घेणाऱ्याने ती शब्दशः घ्यावी असे आम्हाला वाटते. ओवी हे श्रमाचे गाणे आहे. समोरासमोर बसलेल्या दोघी एकच खुंटा धरून फिरवतात, एक हात वैरण घालतो आणि वरच्या तळीच्या घरघरीवर ओवी चालते. एकीने सुरू केली की दुसरी पुढची उचलते. अशा गाण्याविषयी एखादीला ओट्यावर बसवून ‘तुम्हाला किती ओव्या येतात?’ असे विचारले, तर ‘आता कुठं आठवतंय?’ हेच उत्तर मिळण्याचा संभव अधिक.

मानसशास्त्रात यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९७५ साली गॉडन आणि बॅडली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी पाणबुड्यांना काही शब्द किनाऱ्यावर आणि काही पाण्याखाली पाठ करायला दिले. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले आणि किनाऱ्यावरचे किनाऱ्यावर. आठवण ही भोवतालच्या खुणांना बांधलेली असते, असा त्याचा अर्थ लावला गेला. २०२१ साली हा प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. त्यामुळे त्यावर फार भार टाकणे बरे नव्हे. पण मुलाखतीपुरता एक साधा धडा घेता येतो. जुनी वस्तू हातात द्यावी, जुनी जागा दाखवावी, जोडीची मैत्रीण शेजारी बसवावी. सनावळी विचारण्यापेक्षा याने बोलणे लवकर मोकळे होते.

या कामाला घाई का होती, हेही इथे लक्षात येईल. विजेवर आणि डिझेलवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या गावोगाव झाल्या आणि बायकांच्या मागचे रोजचे दळण सुटले. त्यात हळहळण्यासारखे काही नाही. जाते ओढणे हे पाठ मोडणारे काम होते. पण काम सुटले तसे त्यावरचे गाणेही सुटले. लग्नाच्या हळदीपुरते जाते बाहेर निघते, तेव्हा चार ओव्या कानी पडतात, एवढेच. ज्या पिढीला ओव्या येत होत्या, तिच्यानंतरच्या पिढीला त्या शिकण्याचे कारणच उरले नाही. संग्रहाचे काम आणखी वीस वर्षांनी सुरू झाले असते, तर ३,३०२ पैकी किती जणी भेटल्या असत्या?

नाव, गाव, तारीख

आता ओवीतून इतिहास कसा निघतो ते पाहू. प्रश्न असा की ओवी केव्हाची, हे कसे ठरवायचे? तिच्यावर सन घातलेला नसतो. इथे अंतर्गत पुरावा कामी येतो. एखाद्या ओवीत आगगाडी आली, तर ती १८५३ नंतरची. मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी त्या वर्षी धावली. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीत १९९६ साली बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. बाबासाहेब आणि रमाबाई यांच्याविषयी घरच्या माणसांविषयी बोलावे तसे या ओव्या बोलतात. या ओव्या पुरातन असणे शक्यच नाही. त्या विसाव्या शतकात, जात्यावरच रचल्या गेल्या. म्हणजे ओवी ही जशीच्या तशी खाली आलेली जुनी ठेव आहे, ही समजूत बरोबर नाही. नवे काही घडले की बायका ते ओवीत आणत. सीतेच्या वनवासाच्या ओवीशेजारी बाबासाहेबांची ओवी बसू शकते, कारण गाणारीच्या लेखी दोन्ही तिच्याच आयुष्याविषयी आहेत.

हा निष्कर्ष आपण काढू शकलो, कारण ओवीबरोबर वस्तीचे नाव आणि साल नोंदलेले आहे. तीच ओवी ‘एक लोकगीत’ म्हणून मिळाली असती, तर ती कोणाची, कुठली, हे कळायला मार्ग नव्हता. प्रयोगवहीत तापमान लिहिले आणि वेळ लिहिली नाही, तर तो आकडा जसा निरुपयोगी होतो, तसेच हे आहे.

शब्दही बोलले तसेच उतरवावे लागतात. ‘व्हतं’ चे ‘होते’ आणि ‘म्या’ चे ‘मी’ केले की वाक्य शुद्ध झाले असे आपल्याला वाटते. शाळेत आपण मुलांकडून तेच करून घेतो. पण मुलाखतीत ही दुरुस्ती म्हणजे नोंद बदलणे होय. बोली ही त्या माणसाच्या गावाची आणि समाजाची खूण असते. ती पुसली की पुराव्याचा एक भाग जातो.

आठवण चुकते तेव्हा

शिक्षकांच्या मनात इथे रास्त शंका येईल. कागद चाळीस वर्षांनी मजकूर बदलत नाही, माणूस मात्र बदलतो. आठवणीवर विसंबायचे कसे?

इटलीतील तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. लुईजी त्रास्तुल्ली हा २१ वर्षांचा कामगार १७ मार्च १९४९ रोजी, इटलीने नाटो करारात सामील होऊ नये म्हणून निघालेल्या निदर्शनात पोलिसांच्या हातून मारला गेला. कागदोपत्री तारखेविषयी शंका नाही. पुढे आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने गावातल्या वृद्ध कामगारांच्या मुलाखती घेतल्या. तेव्हा अनेकांनी सांगितले की तो १९५३ साली, कारखान्याने दोन हजारांवर कामगार काढून टाकले त्या वेळच्या लढ्यात मारला गेला. इतक्या जणांची आठवण एकाच दिशेने कशी चुकली? पोर्तेल्लींनी ही साक्ष टाकून दिली नाही. गावाच्या दृष्टीने सर्वांत मोठा आघात १९५३ चा होता, आणि आपल्या माणसाचे मरण लोकांनी नकळत त्या आघाताशी जोडले होते. कागदाने सांगितले काय घडले. चुकलेल्या आठवणीने सांगितले की लोकांना कशाचे दुःख सर्वांत जास्त होते.

यातून दोन गोष्टी निघतात. तारीख, आकडे, क्रम यांसाठी आठवणीला कागदाची जोड हवी. आणि दोहोंत फरक पडला, तर आठवण खोटी म्हणून खोडण्याआधी हा फरक का पडला, असे विचारायला हवे.

पानशेतचा पूर: एक प्रकल्प

पुण्यातल्या शाळांना हे सारे करून पाहता येईल असा विषय जवळच आहे. बुधवार, दि. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम चालू असलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासला धरणही टिकले नाही आणि मुठेचा पूर नदीकाठच्या पेठांत शिरला. पूर ओसरल्यावर शहरात पाण्याचीच टंचाई झाली, कारण शहराचे पाणी खडकवासल्याहून येत असे. पूरग्रस्तांसाठी पुढे नव्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले मूल आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. म्हणजे साक्षीदार आहेत, पण ते फार काळ असणार नाहीत.

आठवी-नववीच्या मुलांनी दोघादोघांच्या जोड्या करून आपापल्या वाड्यातल्या, सोसायटीतल्या आजी-आजोबांना भेटावे. जाण्यापूर्वी त्या दिवसाची वर्तमानपत्रे ग्रंथालयात वाचावीत. मुलाखतीच्या आधी नाव, जन्मसाल, त्या वेळचा पत्ता, आजची तारीख आणि शेजारी कोण बसले आहे, हे टिपावे. सुनेसमोर सासू आणि मुलासमोर वडील वेगळे बोलतात. ध्वनिमुद्रण करू का, आणि ते शाळेत ऐकवू का, हे दोन प्रश्न वेगळे विचारावेत. ‘तुम्ही खूप घाबरला असाल ना?’ हा प्रश्न विचारू नये, त्यात उत्तर आधीच घातलेले आहे. ‘त्या दिवशी सकाळी तुम्ही काय करत होता?’ हा चांगला प्रश्न आहे. त्यानंतर मुलांनी गप्प बसावे आणि फार तर ‘मग?’ म्हणावे. आजी बोलता बोलता थांबली, तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. पुष्कळदा खरी गोष्ट त्या थांबण्यानंतर येते.

आता विज्ञानाच्या शिक्षकांनी पुढे यावे. प्रत्येकाला विचारावे, पाणी कुठपर्यंत आले होते? कुणी म्हणेल उंबऱ्याला लागले, कुणी म्हणेल पहिला मजला बुडाला. या नोंदी शहराच्या नकाशावर जागेच्या उंचीसह मांडाव्यात. स्थिर पाणी समपातळीत राहते. वाहत्या पुराला नदीच्या दिशेने थोडा उतार असतो, तरीही शेजारशेजारच्या दोन वाड्यांत पाण्याची पातळी फार वेगळी असू शकत नाही. एकाच गल्लीत एका साक्षीने सहा फूट आणि दुसऱ्या साक्षीने पंधरा फूट निघाले, तर कुठे तरी गफलत आहे. घराची जोती वेगवेगळ्या उंचीची होती का? एक जण रस्त्यापासून मोजतो आणि दुसरा ओट्यापासून, असे आहे का? सांगणारा तेव्हा किती उंचीचा होता? लहान मुलाच्या छातीएवढे पाणी मोठ्या माणसाच्या कमरेलाही लागत नाही! अशा प्रश्नांतून मुलांना पुरावा तपासणे म्हणजे काय, हे कळते. साक्षीदाराला खोटे न ठरवता साक्ष तपासता येते, हेही कळते.

नकाशावर न मांडता येणाऱ्या गोष्टीही जपून ठेवाव्यात. घर सोडताना काय उचलले, नंतर काय सापडले, नव्या वसाहतीत शेजार कसा जमला, भांडी-कपडे कोणी दिले, याची नोंद चौकशी आयोगाच्या अहवालात सापडणार नाही.

टिपलेले टिकवणे

मुलाखत झाली की निम्मेच काम झाले असे समजावे. तासाभराचे बोलणे शब्दशः उतरवायला पाच-सहा तास सहज लागतात. ते त्याच आठवड्यात केले नाही, तर सहसा होत नाही. चुंबकीय फिती बुरशीने खराब होतात. आजच्या भ्रमणध्वनीतले मुद्रण तर फोन बदलला की नाहीसे होते. प्रत्येक मुद्रणाच्या किमान दोन प्रती दोन ठिकाणी असाव्यात आणि फाइलच्या नावातच तारीख व जागा असावी.

ओव्यांच्या संग्रहाची पुढची हकिगत या दृष्टीने बोलकी आहे. पॉइटव्हाँ २००४ साली वारले, राईरकर २०१० साली. संग्रह तरीही उरला, कारण ध्वनिमुद्रणे आधी गुडगावच्या लोकसंगीत अभिलेखागारात आणि नंतर फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हाँस येथील भाषासंग्रहात रीतसर ठेवली होती. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ हा संग्रह टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध करू लागला आणि त्यासाठी कार्यकर्ते जुन्या वह्यांतली नावे व गावे घेऊन पुन्हा त्याच घरांकडे गेले. काही गाणाऱ्या भेटल्या. काहींची मुले-नातवंडे भेटली. नोंदीत नाव-गाव नसते, तर हे परत जाणे शक्यच झाले नसते.

आपल्या शाळेतल्या मुलांनाही पूर्ण झालेल्या मुलाखतीची एक स्वच्छ प्रत घेऊन त्या आजी-आजोबांकडे पुन्हा पाठवावे. त्यांनी वाचून किंवा वाचून घेऊन ‘हे असं नव्हतं’ म्हटले, तर मूळ वाक्य तसेच ठेवून दुरुस्ती समासात, तारखेसह लिहावी. आणि प्रत त्यांच्याकडेच राहू द्यावी.